बोंडाच्या आत काय चाललंय?

कपाशीचं फूल पूर्ण उमललं नाही, पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या राहिल्या, की त्याला डोमकळी म्हणतात. दिसायला इतकी देखणी, की माझ्यासारख्या कवीने फसावं. आत मात्र गुलाबी बोंडअळी बसलेली असते आणि तिनेच त्या पाकळ्या आपल्या धाग्याने शिवलेल्या असतात.

ही अळी आपल्याकडे नवी नाही. १८४३ साली तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं, तेच मुळी भडोचहून गेलेल्या नमुन्यांवरून. २००२ मध्ये बीटी कपाशी आली, २००६ मध्ये दोन जनुकांचं वाण आलं आणि काही वर्षं बोंडअळीचा विसरच पडला. पुढे गुलाबी अळीने ते वाणही पचवलं. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडं आतून किडली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. उंच वाढलेल्या पऱ्हाटीत शिरायचं, पाठीवर पंप, तोंडावर धड फडकंही नाही. आणि पंपात काय, तर ‘औषध’! विषाला औषध म्हणणारी आपली भाषा मला तेव्हापासून टोचते.

मुळात फवारा या अळीपर्यंत पोचणंच कठीण. अंड्यातून निघाली की ती लगेच बोंडात शिरते, आणि मागचं छिद्र बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार. म्हणून आधी मोजायचं, मग ठरवायचं.

त्यासाठी कामगंध सापळे आहेत, हेक्टरी पाच. त्यातल्या छोट्या गोळीला मादीचा गंध असतो, त्याला भुलून रात्री नर पतंग येतात. सकाळी ते मोजायचे. तीन-चार आठवड्यांनी गोळी बदलायची, नाहीतर सापळा रिकामा आणि आपण निर्धास्त!

आमच्या चाचांनी विचारलं होतं, “पतंग दिसला की मारायचा ना फवारा?”

“नाही चाचा. एका सापळ्यात आठ पतंग, तेही सलग तीन रात्री, तेव्हा हालचाल करायची.”

“आणि तोवर हात बांधून बसायचं?”

तोवर बोंडं फोडायची. शेतात फिरून वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडं घ्यावीत. दोनांत जिवंत अळी सापडली, म्हणजे नुकसानीची पातळी गाठली. फुलांचंही तसंच, शंभरात दहा डोमकळ्या. त्याआधी डोमकळ्या तोडून नष्ट कराव्यात, निंबोळी अर्क फवारावा, अंडी खाणाऱ्या ट्रायकोग्रामाची कार्डं लावावीत. शेजाऱ्याने पंप काढला म्हणून आपणही काढायचा, हे मोजणीत बसत नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट हंगामाच्या शेवटी येते. डिसेंबरअखेर पीक संपवावं, फरदड घेऊ नये, असं शास्त्रज्ञ सांगतात. कारण उरलेल्या बोंडांत आणि सरकीत अळी महिनोन्‌महिने झोपून राहते. पण फरदडीच्या चार वेचण्या म्हणजे कुणाच्या तरी उधारीची फेड असते, आणि बांधावर रचलेली पऱ्हाटी म्हणजे वर्षाचं जळण. अळी नेमकी त्याच ढिगातून जून-जुलैत पतंग होऊन निघते आणि नव्या कपाशीची वाट पाहते. निदान त्या पऱ्हाटीवरची किडकी बोंडं वेचून जाळली आणि ढीग शेतापासून दूर नेला, तरी पुढच्या साली सापळ्यात मोजायला पतंग कमी येतील. जिनिंगच्या आवारातही हेच सापळे लावतात, कारण सरकीबरोबर अळी तिथेही पोचलेली असते.