दाव्यात तिसरा माणूस

• तरतूद: दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908, आदेश 1, नियम 10(2). न्यायालय कोणत्याही टप्प्यावर, अर्ज असो वा नसो, पक्षकार वाढवू शकते, वगळू शकते.

• आवश्यक पक्षकार: ज्याच्याविना परिणामकारक हुकूमनामाच होत नाही. केज किंवा आष्टीतला शेतजमिनीच्या वाटपाचा दावा घ्या. सगळे सहहिस्सेदार हवेत. बहीण सासरी नांदत असली तरी तीही आलीच. आवश्यक पक्षकार राहिला तर दावा त्यावर फेटाळला जाऊ शकतो (नियम 9, 1976ची दुरुस्ती).

• योग्य पक्षकार: त्याच्याविना हुकूमनामा होतो; वाद पुरता मिटायला मात्र तो लागतो.

• नुसता व्यापारी हितसंबंध पुरत नाही: सर्वोच्च न्यायालय, रमेश हिराचंद कुंदनमल विरुद्ध बृहन्मुंबई महापालिका, 1992.

• मुदत: नव्या पक्षकारापुरता दावा तो सामील झाला त्या दिवशीचा, सद्भावनेने झालेल्या चुकीत आधीची तारीख धरता येते (मुदत कायदा, 1963, कलम 21).