शालेय पोषण आहार : मुलांनी फक्त ताट धरायचे की हातही लावायचा? साताऱ्यात याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीचे

सातारा : शाळेत दुपारी काय शिजवायचे, हे खाणाऱ्यांना सहसा कोणी विचारत नाही. पाककृती शासन निर्णयातून येते, तांदूळ अन्न महामंडळाच्या गोदामातून. मुलांच्या वाट्याला ताट घेऊन रांगेत बसणे येते.

नियम काय सांगतो?

पीएम पोषण योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम धान्य, 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. सहावी ते आठवीसाठी हेच प्रमाण 150 ग्रॅम, 700 उष्मांक आणि 20 ग्रॅम असे आहे. मात्र हा हिशेब ताटात वाढलेल्या अन्नाचा आहे. मुलाने आमटीतली भाजी बाजूला काढली, तर कागदावरची प्रथिने कागदावरच राहतात.

साताऱ्याचा संबंध काय?

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. महात्मा गांधींच्या हस्ते 1927 मध्ये त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. इथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, कामे वाटून घेत, स्वयंपाकाला हात लावत आणि एकाच पंगतीत जेवत. त्या काळात कोणी शिजवलेले कोणी खायचे, हा जातीचा प्रश्न होता. त्यामुळे तिथली चूल हीदेखील एक शाळाच होती. ती पेटती ठेवण्यासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रही मोडले.

मग आज मुलांनी स्वयंपाक करायचा?

नाही. शंभर मुलांची खिचडी म्हणजे मोठे पातेले, गॅस आणि उकळते पाणी. ते काम स्वयंपाकी-मदतनिसांचेच. त्यांचे मानधन आधीच तुटपुंजे आहे. 'मुले करतातच की' म्हणून माणूस कमी करण्याची पळवाट तर मुळीच नको.

पण पातेल्याच्या आधी आणि नंतर बरेच काही असते. परसबाग योजनेचाच भाग आहे. मेथी पेरणे, शेंगा सोलणे, कडधान्याला मोड आणणे, वाटाणे मोजून गणित करणे, वाढणे आणि उरलेले अन्न तोलून वहीत लिहिणे, ही कामे मुलांना जमतात. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे. त्याची उसळ शाळेत का नको, हे त्या गावच्या मुलांनी विचारायला काय हरकत आहे?

जपानमध्ये शाळेचे जेवण आचारीच शिजवतात, पण वर्गात वाढण्याचे आणि आवरण्याचे काम मुले पाळीपाळीने करतात. तिथे 2005 पासून आहारशिक्षणाचा कायदाही आहे.

धोका कुठे आहे?

पाळी न ठरवता काम वाटले, तर भाजी निवडायला मुली आणि क्रिकेटला मुलगे, हे चित्र ठरलेले. वाढणाऱ्यांतून ठरावीक मुले नकळत वगळली जाणे त्याहून वाईट. म्हणून यादी हजेरीपटाच्या क्रमानेच लावावी लागेल आणि ती भिंतीवर चिकटवावी लागेल.

सुरुवात कुठून?

शाळा व्यवस्थापन समितीत दोन विद्यार्थ्यांना स्थान आहे, त्यांत किमान एक मुलगी. बहुतेकदा त्यांना बैठकीत फक्त बसवले जाते. पुढच्या बैठकीत त्या दोघांनी महिन्याची उष्ट्याची वही उघडून दाखवली, तर कोणत्या वारची कोणती भाजी परत येते, हे मुख्याध्यापकांना त्याच दिवशी कळेल.