नवं सॉफ्टवेअर घ्यावं का? आधी 'विठ्ठल' लिहून बघा!

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन.

आजचा प्रश्न एका श्रोत्याचा. तालुक्याच्या गावी त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम, पत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, सगळं फोटोशॉप सीएस६ आणि जुन्या कोरलड्रॉवर चालतं. लग्नसराई तोंडावर आलीये आणि ते विचारतात, "सगळे नवीन घेतायत, मीपण घेऊ का?"

माझा उलटा प्रश्न असा, की जुन्यावर तुमचं नेमकं अडतंय काय? 'जुनं झालंय' हे काही उत्तर नाही. अडण्याची खरी कारणं मला तीन-चारच दिसतात.

पहिलं म्हणजे कॅमेरा. सीएस६ आलं २०१२ मध्ये. त्यातल्या कॅमेरा रॉ या भागाला नव्या कॅमेऱ्यांची ओळख मिळणं केव्हाच थांबलंय. त्यामुळे नवा कॅमेरा घेतला की त्याच्या रॉ फाइल उघडत नाहीत. पण यावर फुकटचा उपाय आहे. अ‍ॅडोबीचं डीएनजी कन्व्हर्टर घ्या, फाइल डीएनजीत बदला, जुन्या फोटोशॉपमध्ये उघडा. एक पायरी वाढते, एवढंच. तुम्ही जेपेगवरच काम करत असाल तर हा प्रश्नच नाही.

दुसरं, मराठी अक्षरं. आपल्याकडे याचा त्रास सगळ्यात जास्त. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मराठी टाकलं की वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरं सुटी होतात. म्हणून आपण श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टवर काम करत आलो. पण आता ग्राहक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, तो युनिकोडमध्ये असतो. मग तो पुन्हा टाइप करा किंवा कन्व्हर्टरमधून काढा, आणि पत्रिकेत आजोबांचं नाव चुकलं की छपाईचा खर्च आपल्या अंगावर. रोज अर्धा तास यात जात असेल, तर बदलायला हे सबळ कारण आहे.

तिसरं, संगणक. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नवीन मशीन घ्यावंच लागणार असेल, तर सॉफ्टवेअरचा विचार त्याच वेळी करा. नवं सॉफ्टवेअर जुन्या मशीनवर रखडत चालवण्यात अर्थ नाही. आधी रॅम आणि एसएसडी बघा. पुष्कळदा 'फोटोशॉप स्लो आहे' या तक्रारीचं औषध तिथेच असतं.

चौथं, प्रेस. नव्या कोरलड्रॉची फाइल जुन्यात उघडत नाही. तुमचा प्रेसवाला जुन्या आवृत्तीवर असेल तर जुन्या आवृत्तीत सेव्ह करून, टेक्स्ट कर्व्ह करून द्यायची सवय लावावी लागेल. नाहीतर सरळ पीडीएफ द्या.

आता पैसे. अ‍ॅडोबीने २०१३ मध्ये जाहीर केलं, की यापुढच्या नव्या आवृत्त्या वर्गणीवरच मिळतील. म्हणजे आपण भाडेकरू. भाडं थांबलं की फाइल आपल्याकडे राहतात, पण त्या उघडायचं साधन जातं. उदाहरणादाखल, महिन्याला २,००० रुपये धरले तर पाच वर्षांत १,२०,००० होतात. मे महिन्यात हे जाणवत नाही, पावसाळ्यात काम नसताना जाणवतं. म्हणून हिशोब वर्षाचा करा.

फुकटचे पर्याय आहेत का? आहेत. गिंप ३.० मार्च २०२५ मध्ये आलं. त्यात फिल्टर लावल्यावरही मूळ फोटो तसाच राहतो, फिल्टर नंतर बदलता येतो. पत्रिकेसाठी इंकस्केप आहे. दोन्हींत युनिकोड मराठी नीट दिसतं. पण गिंपमध्ये पूर्णपणे सीएमवायकेत काम करता येत नाही, हे छपाईवाल्यांनी लक्षात घ्यावं. अ‍ॅफिनिटी कॅनव्हाने २०२४ मध्ये विकत घेतलं आणि २०२५ मध्ये फुकट केलं. त्याला कॅनव्हाचं खातं लागतं आणि एआयच्या सोयींना पैसे पडतात.

काहीही निवडा, पण आधी ट्रायल घ्या आणि नमुन्याच्या फोटोंवर नाही, स्वतःच्या कामावर घ्या. गेल्या वर्षीचा एक अल्बम, एक पत्रिका आणि एक फ्लेक्स उघडा. 'विठ्ठल', 'कर्तृत्व', 'दऱ्याखोऱ्या' हे तीन शब्द टाइप करा. मग एक प्रिंट काढून रंग ताडून बघा. दोन दिवसांत निकाल लागतो.

आणि श्रोत्यांना माझं उत्तर? लग्नसराईच्या तोंडावर काही बदलू नका. हात बसलेलं हत्यार ऐन गर्दीत टाकायचं नसतं. सीझनभर एका वहीत लिहून ठेवा, जुन्यामुळे कुठे किती वेळ गेला. पावसाळ्यात ती वही उघडा. त्यात मराठी अक्षरांचाच त्रास जास्त दिसला, तर फक्त पत्रिकेचं सॉफ्टवेअर बदला, फोटोशॉप आहे तसं चालू द्या. सगळं एकदम बदललंच पाहिजे असं कुणी सांगितलंय?

आणि हो, जुन्या मशीनवरच्या महत्त्वाच्या फाइल टिफ आणि पीडीएफमध्येही काढून ठेवा. सॉफ्टवेअर येतील-जातील, पण दहा वर्षांनी कुणी आईवडिलांचा लग्नाचा फोटो मागायला आलं, तर तो आपल्याला उघडता आला पाहिजे.

तुमचं कुठे अडतंय ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!