अपत्याचे घर बदलल्यास निर्वाहखर्चाचे काय?

विवाहविच्छेदानंतर अज्ञान अपत्याचा ताबा आईकडे राहिला, तर वडिलांनी दरमहा ठराविक रक्कम तिच्या हाती द्यावी, असा हुकूम अनेकदा होतो. पुढे मूल पंधरा-सोळा वर्षांचे होते आणि शिक्षणासाठी किंवा स्वेच्छेने आईचे घर सोडते. अशा वेळी वडिलांचे दायित्व संपते काय, या प्रश्नाचा विचार येथे हिंदू कायद्याच्या संदर्भात केला आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, रक्कम आईच्या हाती पडत असली तरी ती अपत्याच्या निर्वाहासाठी असते. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ याच्या कलम २० अन्वये अज्ञान अपत्याच्या पालनपोषणाचे दायित्व माता व पिता या दोघांवरही आहे. कलम ३ प्रमाणे निर्वाहात अन्न, वस्त्र, निवास, शिक्षण व वैद्यकीय उपचार यांचा समावेश होतो. घर बदलल्याने या गरजा नाहीशा होत नाहीत. त्या भागविणारी व्यक्ती मात्र बदलू शकते.

या दृष्टीने तीन प्रकार संभवतात. मूल वसतिगृहात गेले, तर खर्च बहुधा वाढतोच. शिवाय सुटीत त्याला आईचेच घर असते. मूल आजोळी किंवा अन्य नातलगांकडे राहू लागले, तर दायित्व कायम राहते. रक्कम कोणाच्या हाती द्यावी, एवढाच प्रश्न उरतो. मूल वडिलांकडेच राहावयास गेले, तर मात्र पूर्वीच्या हुकुमाचा आधारच बदलतो आणि आईने आपल्या ऐपतीप्रमाणे किती भार उचलावा, हा प्रश्न उपस्थित होऊ शकतो.

तथापि परिस्थिती बदलली म्हणून हुकूम आपोआप बदलत नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ याच्या कलम २६ अन्वये ताबा, निर्वाह व शिक्षण यांविषयीचे हुकूम न्यायालयास नंतरही बदलता, स्थगित करता वा रद्द करता येतात. आणि असे हुकूम करताना शक्य तेथे अपत्याच्या इच्छेशी सुसंगती राखावयाची असते. हुकूम फौजदारी प्रक्रियेतील असेल, तर १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ अन्वये फेरबदल मागता येतो. वडिलांनी परस्पर रक्कम थांबविल्यास थकबाकी साचते. उलटपक्षी, त्या संहितेखालील वसुलीसाठी रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करणे आवश्यक असल्याने आईने स्वस्थ बसणेही हिताचे नाही.

अठराव्या वर्षी अपत्य सज्ञान होते. परंतु अविवाहित कन्येस स्वतःच्या मिळकतीतून निर्वाह करता येत नसेल, तर कलम २० खालील तिचा हक्क त्यानंतरही टिकतो. पंधरा ते अठरा ही वर्षे शालान्त परीक्षेची व पुढील शिक्षणाची दिशा ठरविण्याची असतात. म्हणून मातापित्यांनी घर बदलताच नवी व्यवस्था लेखी ठरवून तीस न्यायालयाची संमती घ्यावी, हेच श्रेयस्कर. कारण त्यांच्या वादात थांबलेल्या रकमेची झळ प्रथम अपत्याच्या शिक्षणास लागते.