किती टक्के वाढलं, किती टक्के घटलं? आधी बघा, भागायचं कशाने

फोनच्या कॅल्क्युलेटरवर % चं बटण असतं, तरी टक्केवारीत चुका होतातच. बहुतेक वेळा गुणाकार-भागाकार बरोबर असतो, फक्त भागलेलं असतं चुकीच्या आकड्याने.

रत्नागिरी जिल्ह्याचंच बघू. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या होती १६,९६,७७७. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास १६ टक्क्यांनी वाढली, इथली मात्र घटली. (शेजारच्या सिंधुदुर्गातही घटच.) मुंबईला गेलेले चाकरमानी आणि फक्त गणपती-शिमग्याला उघडणारी घरं कोकणात कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. पण ही घट टक्क्यांत किती?

आधी फरक काढा: १६,९६,७७७ − १६,१५,०६९ = ८१,७०८. आता या फरकाला जुन्या आकड्याने भागा आणि १०० ने गुणा. उत्तर येतं ४.८२. म्हणजे दहा वर्षांत ४.८२ टक्के घट.

आता उलट प्रश्न. लोकसंख्या पुन्हा १६,९६,७७७ व्हायची असेल तर किती टक्के वाढ लागेल? पटकन ४.८२ म्हणाल, पण करून बघा. फरक तोच, ८१,७०८. मात्र आता सुरुवात १६,१५,०६९ पासून आहे, म्हणून भागायचं त्याने. उत्तर ५.०६ टक्के! खाली आल्यावर पाया लहान झाला, त्यामुळे तेवढंच वर चढायला जास्त टक्के लागतात.

इथे फरक छोटा दिसतो. सेलमध्ये तो खिशाला लागतो. समजा १०,००० रुपयांच्या फोनची किंमत कुणी आधी २५ टक्क्यांनी वाढवली. झाले १२,५००. मग मोठ्या अक्षरात '२० टक्के सूट' लिहिलं. १२,५०० चे २० टक्के म्हणजे २,५००. फोन परत १०,००० ला! सूट खरी, बचत शून्य.

बातम्यांतही हाच घोळ असतो. १ एप्रिल २०२० पासून मोबाईलवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. मग वाढ किती? '६ टक्के' असं सर्रास म्हटलं जातं, पण ते ६ पर्सेंटेज पॉइंट आहेत. कराचा दर १२ च्या तुलनेत ६ ने, म्हणजे तब्बल ५० टक्क्यांनी वाढला. आणि तुमच्यासाठी? कराआधी १०,००० चा फोन ११,२०० ऐवजी ११,८०० ला पडतो. ६०० ला ११,२०० ने भागा: साधारण ५.३६ टक्के. तीन आकडे, तिन्ही बरोबर, फक्त प्रत्येकाचा पाया वेगळा. म्हणून कुणी 'इतके टक्के वाढ' म्हणालं की विचारायचं, कशाच्या?

आता ते % चं बटण. सगळ्या अ‍ॅपमध्ये ते सारखंच वागेल असं नाही, म्हणून मी ते फारसं वापरत नाही. १५ टक्के वाढ हवी तर १.१५ ने गुणायचं, १५ टक्के सूट असेल तर ०.८५ ने. आणि किती टक्के बदल झाला हे शोधायचं असेल तर सरळ नवा आकडा भागिले जुना आकडा. रत्नागिरीसाठी १६१५०६९ ÷ १६९६७७७ टाइप करा, ०.९५१८ येईल. १ पेक्षा कमी म्हणजे घट, आणि १ ला जेवढं कमी पडतं, ०.०४८२, तेच आपले ४.८२ टक्के.