विडी सोडताना श्वासाची सोबत

कर्करोगाच्या उपचारातून बाहेर पडलेला माणूस पुन्हा विडी पेटवतो, तेव्हा आपण कपाळावर हात मारतो. परंतु हे केवळ मनोदौर्बल्य नव्हे. निकोटीनची सवय मेंदूत मुरलेली असते. त्यात रोग उलटण्याची धास्ती. आमच्या सरावलीहून बोईसर स्टेशन गाठून तपासणीसाठी परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्याची आदली रात्र कशी जाते, हे त्यालाच ठाऊक! “आता सोडून काय उपयोग?” असेही तो म्हणतो. उपयोग आहे, रोगनिदानानंतर धूम्रपान सोडणाऱ्यांचे आयुर्मान वाढते.

तलफेचा जोर बहुधा काही मिनिटांत ओसरतो. तेवढा वेळ निभावण्यास संथ श्वसन उपयोगी पडते. विडी ओढणाराही दीर्घ श्वास घेतो, क्षणभर थांबतो, सावकाश सोडतो. त्यातला धूर तेवढा वगळायचा! स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचा शास्त्रीय अभ्यास आरंभिला. तरीही योगाने धूम्रपान सुटते याचा पुरावा अद्याप तोकडाच आहे. म्हणून औषधे व समुपदेशन यांना तो पूरक समजावा. फुप्फुसाची शस्त्रक्रिया झालेल्याने कपालभाती वा कुंभक डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये. त्याला खुर्चीत बसून श्वास मोजणेही पुरेसे आहे.