प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे नेमकं कोण? किर्लोस्करांच्या नांगराची गोष्ट वाचा, मग कळेल

गावाकडं हा शब्द आता वरचेवर कानावर येतो. पोरगं कराडला नाहीतर सांगलीला इंजिनिअरिंग करतं, पुण्यात नोकरीला लागतं आणि चार-पाच वर्षांत घरी फोन येतो, "मी प्रॉडक्ट मॅनेजर झालो." वडील पारावर सांगतात, पोरगा मॅनेजर झाला. हाताखाली माणसं किती, असं कुणी विचारलं की मात्र अडतं. कारण बऱ्याचदा या मॅनेजरच्या हाताखाली एकही माणूस नसतो.

मग तो करतो काय? कंपनीनं कोणती वस्तू बनवायची, कुणासाठी बनवायची, तिच्यात काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे ठरवायचं काम त्याचं. बनवणारे इंजिनिअर वेगळे, विकणारे वेगळे, पैशाचा हिशेब ठेवणारे वेगळे. यातलं कुणीच त्याचं नोकर नाही, तरी सगळ्यांना एका दिशेनं न्यायचं असतं. वस्तू चालली नाही तर बोट मात्र त्याच्याकडं.

पाठीवरच्या फवारणी पंपाचं बघा. टाकी मोठी केली तर पाणी भरायच्या फेऱ्या कमी होतात, कागदावर ते बरं दिसतं. पण भरलेला पंप पाठीवर घेऊन चिखलातनं सरी तुडवणाऱ्याला दोन लिटर जास्त म्हणजे दोन किलो जास्त. बॅटरी मोठी हवी, किंमत कमी हवी, वजनही कमी हवं, असं सगळं एकदम मिळत नाही. कशाला 'नाही' म्हणायचं हे ठरवायला ज्यानं पंप एकदा तरी पाठीला लावलाय तोच माणूस लागतो.

या कामाला इंग्रजी नाव आता आलं, काम जुनंच आहे. आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण पलूस तालुक्यातल्या किर्लोस्करवाडीचं.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म 1869 चा. मुंबईत शिक्षकी सोडून त्यांनी बेळगावात सायकलींचं दुकान चालवलं. पुढं कडबाकुट्टीचं यंत्र केलं आणि मग लोखंडी नांगर. नांगर कामाला चांगला होता. माती पलटत होता, हरळी-कुंदा मुळापासनं उपटत होता. पण घेणार कोण? लोखंडानं जमिनीला विष बाधतं, अशी समजूत तेव्हा पक्की होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली, असं सांगितलं जातं.

इथं थांबून विचार करण्यासारखं आहे. शेतकरी अडाणी, त्यांना कळत नाही, असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. आजही कितीतरी कंपन्या तेच म्हणतात. पण शेतकऱ्याच्या बाजूनं बघा. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर नीट करून द्यायचा. लोखंडी नांगराला रोख पैसा मोजायचा, आणि ऐन नांगरटीत फाळ गेला तर दुसरा आणायचा कुठनं? विषाची समजूत खोटी असेल, पण जोखीम खरी होती. नुसता चांगला नांगर करून भागत नव्हतं. त्याच्यावर विश्वास बसेल असं सगळं मागनं उभं करावं लागणार होतं.

त्यात बेळगावची जागा सोडायची वेळ आली. तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर जमीन आणि 10 हजार रुपये कर्ज दिलं. औंध आज सातारा जिल्ह्यात, कारखान्याची जागा सांगलीत, तेव्हा दोन्ही एकाच संस्थानात. जमीन कसली, निवडुंग आणि नागांचं माळरान. 1910 मध्ये तिथं कारखाना आणि वसाहत उभी राहिली. नांगरानंतर उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, पंप निघाले. यादी वाचली तर आपल्याच भागातलं वर्षभराचं शेतकाम वाचल्यासारखं वाटतं. 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक काढलं, तेही सुरुवातीला कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोचवायला.

आता खिशातल्या फोनकडं या. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली, सातबाऱ्यावरचं पीक शेतकऱ्यानं स्वतः नोंदवायचं. पाटणच्या डोंगरात रेंज नाही, म्हाताऱ्या माणसाला फोन जमत नाही, घाईत सोयाबीनच्या जागी दुसरंच पीक दाबलं जातं. नोंद चुकली की विमा आणि नुकसानभरपाईला घोर लागतो. 2022 च्या खरिपात ॲपची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात चुकलेली नोंद 48 तासांत स्वतःच दुरुस्त करायची सोय होती आणि मिश्रपिकाची नोंदही सुधारली होती. रेंज काही त्यानं आली नाही. पण माणूस चुकणारच, हे धरून ॲप बनवणं हेच या कामातलं मर्म आहे.

या कामाला अमुक एकच डिग्री लागते असं नाही. इंजिनिअर येतात, बीएस्सी ॲग्री झालेलेही येतात. ज्यांना शेतीच्या कंपनीत हे काम करायचंय, त्यांनी चार दिवस पंप दुरुस्तीच्या दुकानात बसावं. कुठली वस्तू कुठं मोडते ते तिथं कळतं, शोरूममध्ये नाही.

कंपनीची माणसं बांधावरही येतात, "अशी वस्तू काढली तर घ्याल का?" विचारतात. आपली रीत अशी की चहा पाजायचा आणि वर "चांगलंय की" म्हणायचं. त्या होकारावर माल निघतो आणि दुकानात पडून राहतो. कसलेला माणूस तसं विचारतच नाही. मागच्या वर्षी काय घेतलं, किती दिवस चाललं, बंद पडल्यावर काय केलं, हे तो विचारतो. तुमच्याकडं कुणी आलं आणि हे विचारलं नाही, तरी आपणहून सांगा: कुठला पार्ट गेला, त्याचे किती पैसे लागले आणि त्यात किती दिवस काम अडलं.